पळताय ते ठीक, पण कुठनं?

शहरात कुणी पळताना दिसला की लोक त्याच्या बुटांकडे बघतात. गावात त्याच्या पाठीमागे बघतात. कुत्रं लागलंय, माश्या लागल्यात की सोसायटीचा वसुलीवाला लागलाय, याची आधी खात्री करून घेतात. आणि मागं कुणीच नाही म्हटल्यावर मग खरे काळजीत पडतात. गावात पळायला कारण लागतं. म्हैस दावं तोडून गेली, एसटी फाट्यावरून हलली, कडब्याच्या गंजीला आग लागली, बांधावर भाऊबंदकी जुंपली, अशी चार-सहा कारणं सर्वमान्य आहेत. 'तब्येतीसाठी' हे कारण त्या यादीत बसत नाही. तब्येत बिघडलेल्यानं पडून राहावं आणि धडधाकट असलेल्यानं भांगलायला यावं, इतका सरळ हिशेब असताना मधेच हे पळण्याचं खूळ कशाला, हे पटवून देताना भल्याभल्यांची बोबडी वळते.

एका पळण्याला मात्र मान आहे. भरतीच्या. आमचा जिल्हा सातारा. इथल्या अपशिंगे गावाच्या नावालाच 'मिलिटरी' जोडलेलं आहे, इतकी तिथल्या घराघरांतली माणसं फौजेत गेली. त्यामुळे पहाटेच्या अंधारात डांबरीवर पोरंपोरी पळत असली की म्हातारीकोतारीही कौतुकानं बाजूला होतात. पोलीस भरतीला पोरांना 1600 मीटर आणि पोरींना 800 मीटर पळावं लागतं, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या आजीलाही ठाऊक असतं. साहजिकच पळणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न येतो तो, "कुठली भरती?" डोक्यावरचे पिकलेले केस आणि पुढं आलेलं पोट बघूनही तो येतो. "कुठलीच नाही ओ, असंच पळतोय," असं म्हटलं की समोरचा क्षणभर विचार करतो आणि समजूतदारपणे म्हणतो, "हां, म्हणजे होमगार्ड."

कारणाचा प्रश्न असा होमगार्डवर मिटला तरी दुसरा उरतोच: पळायचं कुठनं? आमचं गाव वाई तालुक्यात. एका अंगाला धोम धरणाचा कालवा, मधे ऊस आणि हळद, मागं डोंगर आणि डोंगराच्या पोटाला भैरोबाची राई. मोबाइलच्या नकाशावर गाव उघडून बघितलं तर वाटांचं नुसतं जाळं दिसतं. शहरातला धावणारा हे बघून हरखतो. सोमवारी ही वाट, मंगळवारी ती, असं वेळापत्रक आखतो. नकाशात फक्त वाटा दिसतात, त्यांचे मालक दिसत नाहीत. गावात एकही वाट बेवारस नसते. ती कुणाच्या तरी उसाची असते, कुणाच्या तरी म्हशींची, कुणाच्या कुत्र्याची, कुणाच्या देवाची, आणि बऱ्याचदा कोर्टाची. आज कुठनं पळायचं हे पळणारा सोडून बाकी सगळे ठरवतात.

डांबरी रस्त्याचं फार सांगण्यात अर्थ नाही. कारखाने सुरू झाले की तो रस्ता ट्रॅक्टरचा. एकामागं एक दोन ट्रॉल्या, त्यांतून दोन्ही बाजूंना लोंबणारं उसाचं वाढं, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर असा स्पीकर की हॉर्न कुणाला ऐकू जाऊ नये. पळणाऱ्यानं तिथं फक्त खाली उतरायचं असतं.

कालव्याचा भराव त्यापेक्षा कितीतरी सरस. सपाट, सरळ, कडेला पाणी. पाटबंधारे खात्यात कुणीतरी पळणारा साहेब होता की काय अशी शंका यावी. पण कालव्याला पाणी येतं ते आवर्तनाप्रमाणे, आणि पाणी आलं की अख्खं गाव धुणं घेऊन भरावावर येतं. त्यातही नवरात्राआधीचे दिवस म्हणजे कहर. घरातली एकूणएक वाकळ, चादर, घोंगडं, पडदा धुऊन निघालाच पाहिजे, असा दंडक. धुतलेल्या वाकळा वाळत घालायला सगळ्यात स्वच्छ, उन्हाची आणि लांबलचक जागा कोणती? भराव. मग अर्धा-पाऊण किलोमीटर नुसत्या वाकळा. त्यांच्यावर पाय देणं शक्य नाही, कारण धुणारीचा डोळा तुमच्या बुटावर असतो आणि तिच्या हातात धोपाटणं असतं. दोन वाकळांच्या मधल्या वीतभर जागेतून उड्या मारत जाणाऱ्या माणसाला बघून कालव्यात डुंबणारी पोरं आकडे मोजतात आणि पाय चुकला की एकदम ओरडतात, "औट!"

ट्रॅकवर याच प्रकाराला स्टीपलचेस म्हणतात आणि त्याला पदक देतात. तीन हजार मीटरच्या त्या शर्यतीत 28 वेळा अडथळा ओलांडायचा आणि 7 वेळा पाण्यावरून उडी मारायची. तिचं मूळही गावाकडचंच. अठराव्या शतकात आयर्लंडमध्ये घोडेस्वार एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, मधली कुंपणं आणि ओढे ओलांडत शर्यत लावायचे. आपल्याकडे मनोऱ्याच्या जागी देवळाचा कळस धरा, बाकी सगळं तेच. म्हणून या शर्यतीत महाराष्ट्राच्या खेड्यातली माणसं चमकली याचं आम्हाला नवल नाही. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत पुढं एक केनियन, मागं एक केनियन आणि मधे आपण, असा रुपेरी पदक घेऊन आला. गंमत बघा, माण काय किंवा आष्टी काय, दोन्ही तालुके वर्षानुवर्षं टँकरची वाट बघणारे. आणि तिथल्या माणसांनी नाव काढलं ते पाण्यावरून उडी मारायच्या शर्यतीत. पाणी दिसल्यावर त्यात पाय न घालता पुढं जायचं, हे त्या मुलखातल्या माणसाला किती जड गेलं असेल!

आता पाणंद. दोन्हीकडच्या शेतांच्या मधून जाणारी, वरून बाभळी आणि निवडुंगानं झाकलेली गाडीवाट. पळायला याहून सुंदर जागा नाही, असं पाणंद न बघितलेले लोक म्हणतात. सरकारी गावनकाशात ही गाडीवाट दुहेरी तुटक रेघेनं दाखवलेली असते आणि तिची रुंदी 16½ ते 21 फूट असते. एकेरी तुटक रेघेची पायवाट असेल तर सव्वाआठ फूट. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तरी अडू नयेत, अशा बेतानं कुणी गोऱ्या साहेबानं साखळी धरून मापं टाकलेली. मग दोन्ही बाजूंचे शेतकरी नांगर धरून आले. दर वर्षी नांगरताना पाणंदीच्या बाजूला एकच तास जास्तीचं घ्यायचं. एकच. वीतभरसुद्धा नाही. पलीकडचाही तितकंच घेतो, कारण अलीकडचा घेतो. असं तीन पिढ्या चाललं की पाणंदीत एका वेळी एक शेळी जाऊ शकते, तीही गाभण नसेल तर.

मग केस होते. पाणंद अडवली की 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचं कलम 5. आणि मुळात रस्ताच नाही, बांधावरून नवा हवा असेल तर 1966 च्या जमीन महसूल संहितेचं कलम 143. आमच्या पारावर दहावीला चारदा बसलेला माणूसही या दोन कलमांतला फरक चहा संपायच्या आत समजावून देतो. गावात जितक्या पाणंदी, साधारण तितक्या केसेस. काही खटले आजोबांनी लावले, वडिलांनी चालवले आणि आता नातू मोटारसायकलवर तारखेला जातो. पाणंदीतनं मोटारसायकल निघत नाही म्हणून शेजाऱ्याच्या, म्हणजे प्रतिवादीच्या, अंगणातनं काढतो.

अशा वादग्रस्त जागेतून हातात सॅटेलाइटचं घड्याळ बांधलेला माणूस रोज पळू लागला, तर ते फार दिवस लपत नाही. एका सकाळी पाणंदीच्या तोंडाशी अलीकडच्या शेताचे आबा उभे. गमबूट, खांद्यावर खोरं, रात्रभर दारं धरून लाल झालेले डोळे. शेतीची लाइट रात्रीची, त्यामुळे पिकाला पाणी पाजणारा आणि पळणारा, दोघांची गाठ पहाटेच पडते.

"काय ओ, तुमच्या घड्याळात आमची पाणंद येती म्हनं?"

येते म्हटलं. कुठून कुठे पळालो त्याची रेघ उमटते. आबांनी मोबाइल मागितला. चिखलाचा अंगठा धोतराला पुसला, थुंकीनं पुन्हा ओला केला आणि रेघ मोठी करत करत बघू लागले. उपग्रहाचा फोटो, त्यावर नारिंगी रेघ. आबांचा अंगठा थबकला.

"ही रेघ तर पलीकडच्याच्या उसातनं गेलीया."

गेलेली होतीच. झाडी दाट असली की घड्याळाचा नेम चार-पाच मीटर इकडेतिकडे होतो, हे समजावून सांगितलं. पण चार मीटर म्हणजे तेरा फूट. ज्या दाव्यात सगळं भांडणच दहा-बारा फुटांचं आहे, तिथं आकाशातल्या उपग्रहानं रस्ता तेरा फूट पलीकडच्याच्या रानात सरकवला म्हणजे काय झालं? "वरनं दिसतंय ते खोटं असंल व्हय?" आबा म्हणाले. "मूळ रस्ता तिकडनंच हुता. तारखेला येताव का जरा हे घड्याळ घिऊन?" ही बातमी दुपारपर्यंत पलीकडच्या अण्णांना लागली. संध्याकाळी त्यांचा निरोप: उद्यापासनं पळताना दोन पावलं आबांच्या अंगानं पळत चला, चहा आमच्याकडं. भूमापन खात्याच्या मोजणीला दोघांनी हरकत घेतली होती. घड्याळावर मात्र दोघांचाही पूर्ण विश्वास.

उन्हाळ्यात पळायचं तर उजाडायच्या आत पळावं लागतं, म्हणून डोक्याला बॅटरी बांधायची, आणि कुत्र्यांसाठी गळ्यात शिट्टी. हा पोशाख गावाला ओळखीचा आहे, पण वेगळ्या संदर्भात. हागणदारीमुक्तीच्या मोहिमेत पंचायत समितीची 'गुड मॉर्निंग पथकं' पहाटे गावोगाव फिरायची. उघड्यावर बसलेल्याला गाठायचं, कधी दंड करायचा, कधी गुलाबाचं फूल देऊन लाजवायचं. गाव हागणदारीमुक्त झाल्याचा बोर्ड वेशीवर लागला, पथकं थांबली, पण त्यांची दहशत माळावर अजून शिल्लक आहे. बॅटरीचा झोत घाणेरीच्या झुडपांवरून फिरला की माणसं ओळीनं उठून उभी राहतात. एक वयस्कर गृहस्थ तर टमरेल पाठीमागं धरून अटेन्शनमध्ये म्हणाले, "साहेब, घरी संडास हाय. फोटो पण काढून पाठवलाय. फकस्त त्यात सध्या कांदा भरलाय." काहीच न बोलता पुढं पळत जाणं हाच त्यातल्या त्यात सभ्य मार्ग. त्याच गृहस्थांशी संध्याकाळी देवळात समोरासमोर गाठ पडते, तेव्हा दोघांनाही घंटेकडे बघायचं एकदम सुचतं.

कुत्र्यांबद्दल लोक उगाच वाईट बोलतात. हद्दीच्या बाबतीत कुत्र्याइतकं काटेकोर खातं महाराष्ट्रात दुसरं नाही. प्रत्येक वस्तीचं कुत्रं आपल्या शेवटच्या बांधापर्यंत जीव खाऊन मागं लागतं आणि बांध आला की ब्रेक लावून उभं राहतं. तिथून पुढं दुसऱ्याचा चार्ज. हद्द कुठं आहे हे तलाठ्यापेक्षा मोत्या जास्त खात्रीनं सांगू शकतो, आणि फीही मागत नाही. खाली वाकून दगड उचलल्याचं नाटक केलं की ते दहा पावलं मागं सरतं, हे अवघ्या देशाला ठाऊक आहे. याला अपवाद धनगराच्या कुत्र्यांचा. दिवाळीनंतर मेंढरं रानात बसायला येतात, तेव्हा वाड्याभोवतीच्या त्या कुत्र्यांसमोर वाकून बघण्यात अर्थ नसतो. ती लांडग्यापुढं उभी राहिलेली असतात. तुमच्या रंगीत बुटांचं त्यांना काय! मेंढरं बसली त्या रानाची वाट हंगामापुरती रद्द धरायची.

मग बिबट्या. उसात बिबट्या असतो, हे आता जुन्नरपासून कऱ्हाडपर्यंत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. वनखात्याचा फलक आमच्याही फाट्यावर आहे. एकट्यानं जाऊ नका. मोठ्यानं बोला, किंवा मोबाइलवर गाणी लावा. आणि बिबट्या दिसला तर पळू नका. शेवटची सूचना पळणाऱ्याला मोठ्याच पेचात टाकते, कारण ती वाचेपर्यंत तो पळतच आलेला असतो. बिबट्या दिसल्याबरोबर एकदम थांबून, छाती काढून, शांतपणे मागं मागं सरकायचं, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच पळायला सबळ कारण मिळालं असताना नेमकं तेव्हाच पळायचं नाही.

गाण्यांचा उपाय जुना आहे. पूर्वी टपाल घेऊन रानातून पळणारे हरकारे असत. त्यांच्या भाल्याला घुंगरं बांधलेली असत, आवाजानं जनावर लांब जावं म्हणून. घुंगरांच्या जागी आता मोबाइल आला. प्रश्न एवढाच की लावायचं काय? भजन लावलं तर शेतातली माणसं हात जोडतात आणि बोलायला थांबवतात. लावणी लावली तर थांबवतात, पण हात जोडत नाहीत. शिवाय फुकटातलं ॲप असेल तर ऐन उसाच्या मधोमध गाणं थांबून एक बाई लाघवी आवाजात गृहकर्जाची जाहिरात वाचू लागते. बिबट्यानं आजवर हल्ला केलेला नाही. व्याजदर ऐकून तो माघारी फिरत असावा.

डोंगराकडे वळलं की ऊस, बिबट्या, केसेस सगळं खाली राहतं. आधी वनखात्यानं लावलेली गिरिपुष्पाची झाडी लागते, सरळ ओळींत, जणू कवायतीला उभी. तिच्यात पाखरूही फारसं बोलत नाही. मग उघडा माळ, त्यावर गुडघ्याएवढं कुसळी गवत. आणि मग राई. या वाटेवर फलक नसतात, पण खुणा असतात. कोणतं वळण घ्यायचं ते गुटख्याच्या पुड्यांवरून कळतं. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण खुणा ताज्या असतात, दर पावसाळ्यानंतर नव्यानं पडतात आणि अजून एकदाही वाट चुकली नाही. पुड्या संपल्या की समजावं, आपण ढोरवाटेला लागलो. ढोरवाटेचा विश्वास धरू नये. ती चांगली ठळक सुरू होते, दहा पावलांवर तिच्या तीन होतात, पुढं सात, आणि मग एकीवरही बैल नाही अशा जाळीत सोडून देते.

कुणाला विचारावं, तर अंतरं किलोमीटरमध्ये मिळत नाहीत. "हितंच की, हाकंच्या अंतरावर." हाक कुणाची, हे विचारायचं राहून जातं. गुराख्याची हाक या डोंगरावरून त्या डोंगरावर जाते. "एक बिडी वढूस्तवर पोचाल," असं सांगणाऱ्याची बिडी वाटेत चारदा विझते आणि चारदा पेटते, हा हिशेब त्यानं आधीच धरलेला असतो.

ऑक्टोबरनंतर हा माळ ओलांडणं म्हणजे मोज्यांची कसोटी. कुसळ ही चीज एकदा हातात घेऊन नीट बघावी. पुढं सुईसारखं टोक, टोकावर उलटे केस, म्हणजे आत जाईल पण बाहेर येणार नाही. आणि मागं लांब पीळदार शेपूट. ओल लागली की हा पीळ आपोआप उलगडू लागतो, वाळला की पुन्हा बसतो, आणि त्या फिरण्यानं टोक जमिनीत शिरतं. बी स्वतःच स्वतःला पेरून घेतं. निसर्गाची ही योजना कौतुक करण्यासारखी आहे, फक्त तीत धावपटूचा पाय जमीन म्हणून धरलेला आहे. घामानं भिजलेला मोजा म्हणजे कुसळाच्या दृष्टीनं मृगाचा पाऊसच. घरी येऊन पायरीवर बसून एकेक कुसळ उपसताना त्यात आघाडा निघतो, गोखरू निघतो, आणि नशीब फिरलं असेल तर खाजकुइलीचं एखादं कूस. मग बाकीची कुसळं उपसायची राहतात, कारण दोन्ही हात दुसऱ्या कामात गुंततात.

राईत शिरलं की पायाखालचा आवाज बदलतो. जांभूळ, अंजनी, हिरडा. वर आभाळ दिसत नाही. इथली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही, देवाची म्हणून. आम्हाला वाटलं, इथं तरी कुणाची अडवणूक नसेल. गुरवांनी अडवलं. "देवाच्या दारात पळायचं न्हाई," ते म्हणाले. बूट हातात घेऊन चालत जा म्हणाले. बरोबर होतं. पण लगेच मार्गही त्यांनीच काढून दिला: "पळायचंच आसंल तर परदक्षिना घाला. परदक्षिनंला कोन आडवतोय?" पावसाळ्यात पाणंदी गुडघाभर चिखलात गेल्या आणि डोंगरावर शेवाळ धरलं, तेव्हा हा तोडगा उपयोगी पडला. देवळाचं आवार फरशीचं, भोवती पत्रा. गोल गोल पळायचं. आठवडाभरात गावात झालं की यांचा काहीतरी मोठा नवस आहे. बायका हळहळू लागल्या, कुणी नारळ आणून दिला, आणि एका मावशींनी बाजूला घेऊन विचारलं, "पोरीचं जमत न्हाई, का कोर्टाचं काय?"

पण खरी लाज काढली ती डोंगराच्या वाटेनं. राईच्या वरच्या अंगाला कारवीची दाटी आहे. सात वर्षांतून एकदा फुलते, बाकी सहा वर्षं वाट अडवून उभी असते. मधून एका माणसापुरता बोगदा. चढावर धापा टाकत त्यात शिरलो, आणि वरून एक आजी उतरत होत्या. डोक्यावर मोळी, माझ्याहून लांब. पायांत झिजलेल्या स्लिपरा, काष्टा वर खोचलेला, तोंडात मिश्री. सत्तरी उलटलेली नक्की. त्या पळत नव्हत्या, पण त्यांचा वेग माझ्या घड्याळात कधी उमटलेला नाही.

"सर बाजूला!" त्या ओरडल्या. "ओझं घिऊन थांबता येत न्हाई मला!"

कारवीत अंग चोरून उभा राहिलो. आजी गेल्या, वळणावर मोळीनं मागच्या टोकानं माझी टोपी काढून घेतली आणि ती तशीच काटक्यांना अडकून खाली निघाली. टोपीसाठी मागोमाग पळालो. तो माझा आजवरचा सर्वांत जलद किलोमीटर. झऱ्यापाशी आजी थांबल्या, मोळी खडकाला टेकवली, टोपी काढून हातात दिली आणि मला नखशिखान्त न्याहाळून म्हणाल्या, "रिकामाच चाललायस व्हय खाली? येताना चार लाकडं तरी घ्यायची."

या सगळ्या वाटांवर कायमचं पाणी फिरलं ते गेल्या हिवाळ्यात. पुण्याच्या एका हौशी मंडळाला आमचा डोंगर आवडला आणि त्यांनी तिथं शर्यत ठेवली. सातारची डोंगरी हाफ मॅरेथॉन आता सगळ्यांना माहीत आहे. यवतेश्वराच्या घाटात ती रस्त्यानं चढते आणि रस्त्यानं उतरते. यांना रस्ता नको होता, शेतं आणि राई हवी होती. शर्यतीच्या आधी मंडळाची तरुण पोरं आली. अंगात चमकदार जाकिटं, हातात चाकाचं माप. पाणंदीच्या तोंडाला, बांधावर, खडकावर त्यांनी चुन्याचे बाण काढले, झाडांना लाल फिती बांधल्या आणि निघून गेली.

गावानं हा देखावा आधी बघितलेला होता. सरकारी जाकिटं, माप, चुना, लाल खुणा: रस्ता येतोय! संध्याकाळी पारावर तो दुपदरी होता, रात्री जेवणानंतर चौपदरी झाला, सकाळी दुधाच्या डेअरीवर फॅट लागेपर्यंत त्याला पाचगणीचा बोगदा जोडला गेला. दुपारी दोन पांढऱ्या गाड्यांतून जमिनीचे एजंट उतरले. भूसंपादनात जमिनीचे पैसे वेगळे आणि तिच्यावरच्या झाडांचे, विहिरीचे, बांधकामाचे वेगळे मिळतात, हे ज्ञान कलम 5 इतकंच खोलवर रुजलेलं आहे. मग काय विचारता! ज्यांनी इतकी वर्षं पाणंद कोरून कोरून आपल्या शेतात घेतली होती, त्यांनी चुन्याच्या रेघेवर आंब्याची कलमं लावली. हातभर अंतरावर एक. नर्सरीवाल्याची पाच वर्षांची उधारी एका आठवड्यात फिटली. अण्णांनी बाणाच्या टोकावर पत्र्याची शेड उभी केली आणि तिच्यावर 'पोल्ट्री' असं लिहून घेतलं. कोंबड्या पाव्हण्यांकडून दोन दिवसांसाठी आणल्या.

शर्यतीच्या दिवशी पळणारे आले. त्यांना प्रत्येक बांधावर थांबवून विचारण्यात आलं, "कुठले कुठले गट नंबर घेतले?" एकानं प्रामाणिकपणे सांगितलं, काका, रस्ताबिस्ता काही नाही, आम्ही पैसे भरून पळायला आलोय. तिथंच सगळं बिघडलं. पैसे भरून कुणी पळतं, यावर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. म्हणजे हे साहेबच, पण वेश बदलून आलेले. मग त्यांना चहा झाला, पोहे झाले, आणि एकूण एक कलम हाताला धरून मोजायला लावलं.

शर्यत संपली, मंडळ गेलं, चुना पावसानं धुऊन गेला. कलमं जगली. पाणंद, माळाची वाट, राईकडची चढण, सगळीकडे आता हातभर अंतरावर हापूस आहे आणि त्याला काटेरी कुंपण आहे. आबांना परवा गाठून म्हटलं, रस्ता येणार नाही हे तर आता कळलंय. निदान पाणंदीतली तरी काढा की झाडं, पळायचं कुठनं आम्ही?

आबांनी खोरं टेकवलं. "कोन म्हनतंय येनार न्हाई? सर्व्हे झालाय की. भरपाई पडू द्या हातात, मग डांबरीच हुनार हाय सगळी. तवा पळा की तिच्यायला, किती पळायचं ते."